न बसता साठपर्यंत

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गंगापूर रोडच्या गेमिंग कॅफेतली मुलं विचारतात, गिल्डमध्ये (गेममधल्या आमच्या गटात) नवीन आलेले विचारतात, सातपूरच्या आमच्या कंपनीतला अप्रेंटिस तर चहाच्या सुट्टीत हाच विषय काढतो. "ताई, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये ड्रुइड लवकर ६० ला कसा न्यायचा? नोकरी सांभाळून जमतं का?" जमतं. उलट ज्याला रात्री जेमतेम दीड-दोन तास मिळतात, त्याने ड्रुइडच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. (नवख्यांसाठी: हा एक ऑनलाइन गेम आहे, ६० ही क्लासिकमधली शेवटची लेव्हल, आणि ड्रुइड म्हणजे प्राण्याचं रूप घेऊन लढणारं, जखमाही भरणारं पात्र.)

पंचवटीहून नाशिकरोडला किती वेळात पोचाल हे गाडीच्या वेगावर ठरत नाही, द्वारकेला किती वेळ अडकता त्यावर ठरतं. लेव्हलिंगचं अगदी तसंच आहे. मेज, म्हणजे जादूगार, पटापट मारतो, पण थोडे मॉब (मारायचे शत्रू) झाले की पाणी प्यायला बसतो. वॉरियर खायला बसतो. ड्रुइडला बसायची गरजच पडत नाही, आणि सगळी कमाई त्यातच आहे.

ते कसं, हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. आपला माना (मंत्रांना लागणारी शक्ती) स्पिरिट या गुणावर भरतो, पण मानाचा काहीही खर्च केला की पुढचे पाच सेकंद ते भरणं थांबतं. कॅट फॉर्ममध्ये, म्हणजे मांजराच्या रूपात, मात्र आपण एनर्जी या वेगळ्या शक्तीवर लढतो. म्हणजे नखं चालत असतात तेव्हा माना आपला आपण भरत असतो. मॉब पडला आणि हेल्थ निम्म्यावर आली की फॉर्म सोडा, रेजुव्हिनेशन (हळूहळू जखम भरणारा मंत्र) टाका, फारच लागलं असेल तर रीग्रोथ हा दुसरा मंत्र, लगेच परत कॅट आणि पुढच्या मॉबकडे धावत सुटा. रेजुव्हिनेशन धावताना आपलं काम करत राहतं. हे सगळे खर्च एका दमात उरकले की पाच सेकंदांची ती अडवणूक एकदाच होते. फॉर्म सोडायला काही लागत नाही, पण घ्यायला माना लागतो, म्हणून एकाच लढाईत सारखं आत-बाहेर करू नका. शिवाय कॅटमध्ये परत शिरताना जुनी एनर्जी मिळत नाही, तेव्हा ती वापरून संपल्यावरच बाहेर या. रेस्टोरेशन या टॅलेंटच्या शाखेतल्या फ्युरॉरला पाच पॉइंट दिलेत की कॅटमध्ये शिरताच ४० एनर्जी हातात येते आणि ही सगळी ये-जा फार स्वस्त होते.

आता कठीण भाग. कॅट फॉर्म मिळतो २० व्या लेव्हलला. त्याआधी १० ला क्वेस्ट (गेमने दिलेलं काम) करून बेअर, म्हणजे अस्वलाचा, फॉर्म मिळतो, आणि १० ते २० हा पट्टा खरंच संथ आहे. कित्येक जण इथेच कंटाळून ड्रुइड सोडतात आणि हंटर करतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण खरा ड्रुइड त्यांनी पाहिलेलाच नसतो. या पट्ट्यात अंगावर मार्क ऑफ द वाइल्ड आणि थॉर्न्स हे संरक्षक मंत्र कायम ठेवा. मॉब लांब असताना रॅथ, जवळ येताना मूनफायर हे मारक मंत्र, आणि दोन-तीन एकदम अंगावर आले तर आधी स्वतःवर रेजुव्हिनेशन टाकून मग बेअर. आपल्यापेक्षा एक-दोन लेव्हल खालचे मॉब निवडा. वरच्या मॉबवर वार जास्त चुकतात, आणि चुकलेला वार म्हणजे निव्वळ वेळ.

१६ ला अ‍ॅक्वाटिक, म्हणजे पोहण्याच्या, फॉर्मची क्वेस्ट येते. नाइट एल्फ जातीच्या ड्रुइडला त्यासाठी समुद्र ओलांडून वेस्टफॉलच्या किनाऱ्यापर्यंत जावं लागतं. मुद्दाम जाऊ नका, कधी त्या बाजूला गेलात तर करून टाका.

टॅलेंटमध्ये सरळ फेरलची, म्हणजे प्राण्याच्या रूपात लढण्याच्या शाखेची, वाट धरा. आधी फेरॉसिटी पूर्ण, कारण त्याने क्लॉ (नखांचा वार) स्वस्त होतो आणि तुमचा निम्मा वेळ क्लॉच चालणार आहे. मग फेलाइन स्विफ्टनेस. दोन पॉइंटमध्ये उघड्यावर कॅट ३० टक्के जास्त वेगाने धावतो, आणि तेही २० च्या आसपास, जेव्हा बाकी सगळे पायी फिरत असतात. क्लासिकमध्ये मारण्याइतकाच वेळ चालण्यात जातो, त्यामुळे हे दोन पॉइंट मला टॅलेंटच्या अख्ख्या झाडातले सर्वात मोलाचे वाटतात. ३० ला ट्रॅव्हल फॉर्म येतो, त्याचा वेग ४० टक्के जास्त. म्हणून ४० ला माउंटसाठी (स्वारीच्या प्राण्यासाठी) जीव टाकू नका. साधा माउंट आणि रायडिंग मिळून १०० गोल्डच्या घरात जातं आणि वेग मिळतो ६० टक्के जास्त. आपल्याला तो फरक बाकीच्यांइतका जाणवत नाही. ते गोल्ड आधी स्किल शिकण्यात घाला.

लढाईत फार कलाकारी करायची गरज नाही. क्लॉ मारत राहा, ३२ नंतर क्लॉने मिळणारे कॉम्बो पॉइंट साचले की फेरोशस बाइट हा मोठा वार. रिप (रक्त वाहवणारा वार) दिसायला छान, पण त्याचं रक्त वाहून संपायच्या आत साधा मॉब मेलेला असतो. प्राउल करून, म्हणजे लपून दबकत, प्रत्येकाच्या मागे सरपटत जाणं मला पटत नाही, त्यात चाल मंदावते. प्राउल राखून ठेवा गुहेसाठी. क्वेस्टचा म्होरक्या आत खोलवर बसलेला असतो, वाटेतल्या सगळ्यांना चुकवून थेट त्याच्यापर्यंत जाता येतं.

सामानाबद्दल एकच गोष्ट पक्की धरा. क्लासिकमध्ये कॅट आणि बेअर फॉर्ममध्ये हातातल्या हत्याराचं डॅमेज धरलंच जात नाही, फक्त त्यावरचे स्टॅट्स धरतात. त्यामुळे निळ्या नावाची, म्हणजे दुर्मिळ, जबरदस्त गदा घ्यायला पैसे उधळू नका. स्ट्रेंग्थ आणि अ‍ॅजिलिटी असलेली साधी हिरवी काठीही चालते. लेदरचं चिलखत घेताना नावाच्या शेवटी "ऑफ द टायगर" दिसलं की घ्या. "ऑफ द मंकी"वर रोग (Rogue) या क्लासचाही डोळा असतो, टायगर मला बऱ्याचदा स्वस्तात मिळतं.

आता नोकरीवाल्यांचं गणित. लॉगआउट नेहमी इनमध्ये (गेममधल्या सरायीत) किंवा शहरात करा. तिथे दर आठ तासांना लेव्हलच्या ५ टक्के एवढं रेस्टेड एक्सपी (विश्रांतीमुळे मिळणारे जास्तीचे अनुभव-गुण) साठतं, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत, म्हणजे पूर्ण साठायला दहा दिवस. जंगलात लॉगआउट केलं तर हेच चौपट हळू. पिंपळगावचा माझा एक मित्र द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउसमधून हलू शकत नाही, रविवारीच लॉगिन करतो. त्याला वाटायचं आपण मागे पडतो. पण रेस्टेड असताना मॉब मारल्यावर दुप्पट एक्सपी मिळतं, त्यामुळे त्याचा रविवार भरघोस जातो. फक्त लक्षात ठेवा, ही दुप्पट मॉबवर आहे, क्वेस्ट जमा करण्यावर नाही. म्हणून मोठ्या सुट्टीनंतर आलात की आधी जिथे मॉब दाट आहेत तिथे जाऊन मारा.

इथून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या वर राहतो, त्याचीही काळजी करू नका. एनर्जी दर दोन सेकंदांना २० अशी येते. त्या लयीत थोडा उशीर खपतो. ड्रुइड त्या बाबतीत आपल्यासारख्यांना फार सांभाळून घेतो.

डंजनला (ग्रुपने मिळून लढायच्या जागेत) बोलावलं तर जा. टँक (मार झेलणारा) किंवा हीलर (जखमा भरणारा) म्हणून ग्रुप पटकन मिळतो आणि फेरल टॅलेंटवरही सुरुवातीच्या डंजनचं हीलिंग निभतं. ग्रुपला आधीच सांगून ठेवा की ड्रुइडकडे मेलेल्याला उठवणारं साधं रेझरेक्शन नाही. २० ला रीबर्थ मिळतो, तो लढाई चालू असतानाही मेलेल्याला उठवतो, पण अर्ध्या तासात एकदाच आणि त्याला बी लागतं. पहिल्या रँकला मेपल सीड. पिशवीत दोन-तीन ठेवाच.

आणि मूनग्लेड, ही ड्रुइडांची जागा, विसरू नका. १० व्या लेव्हलपासून टेलिपोर्टचा स्पेल मिळतो, तिथे ड्रुइड ट्रेनर आहे. दर दोन लेव्हलला स्किल शिकायला शहर गाठत बसू नका. टेलिपोर्ट करा, शिका, हार्थस्टोनने आपल्या इनला परत या. हार्थस्टोन वापरून झाला असेल तरी नाइट एल्फला तिथून रुथेरन आणि टॉरेन जातीच्या ड्रुइडला थंडर ब्लफपर्यंत फुकट उड्डाण आहे. पन्नाशीत अनगोरो क्रेटर उरकून फेलवूड आणि विंटरस्प्रिंगला गेलात की मूनग्लेड अगदी शेजारीच येतं. टिंबरमॉच्या बोगद्यातून पायीही जाता येतं, पण तिथले फर्बोल्ग (अस्वलासारखी जमात) तोवर तुमच्यावर चिडलेले असतात. तिथे कॅट फॉर्म आणि प्राउल.