ताम्हिणीमार्गे दापोली आणि महाडला बदललेला स्विच

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे आम्ही दोघे पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, महाड आणि पुढे खेडवरून दापोली असा बेत आखून निघालो. घाट निर्विघ्न उतरला. विळ्याच्या पुढे मात्र डावे चाक एका खोल खड्ड्यात आदळले आणि त्याच क्षणी इंजिन बंद पडले. सेल्फ मारला की इंजिन फिरत होते, पण सुरू होत नव्हते. किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची जी दोन सेकंदांची घरघर ऐकू येते, ती नव्हती. निदान तिथेच झाले.

आमच्या 18 वर्षांच्या गाडीत धक्का बसताच पेट्रोल तोडणारा इनर्शिया स्विच आहे. त्यात शंकूसारख्या खोलगट वाटीच्या तळाशी पोलादी गोळी लोहचुंबकाने धरलेली असते. जोराचा धक्का बसला की ती सुटून वर उसळते, आतली पट्टी उडवते, पंपाची वीज तुटते आणि वरचे बटण टपकन वर येते. अपघातात फुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल ओतत राहू नये, एवढ्याचसाठी ही योजना आहे. म्हणून पंप पुन्हा चालू करायला बटण दाबण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे, वास घ्यावा. दाबल्यावर किल्ली काही क्षण ऑन ठेवून बंद करावी आणि पुन्हा एकदा खाली पाहावे. आमच्या गाडीत हे बटण चालकाशेजारी बसणाऱ्याच्या पायांजवळच्या पॅनेलमध्ये, बोट जाईल एवढ्या भोकाआड आहे. काही गाड्यांत ते डिकीत असते, तर अनेक नव्या गाड्यांत एअरबॅगचा संगणकच पंप बंद करत असल्यामुळे असे बटण नसतेच.

गाडी सुरू झाली, पण महाडच्या अलीकडे किरकोळ खड्ड्यात आणि गावात शिरताना चक्क गतिरोधकावर तीच गत झाली. चालत्या गाडीचे इंजिन असे बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो, त्यामुळे पुढच्या कशेडी घाटाकडे जाण्याचे धाडस केले नाही. महाडच्या मिस्त्रींनी ‘डायरेक्ट करून देतो’, म्हणजे स्विच वगळून पंपाची वायर थेट जोडतो, म्हणून वायरचा तुकडा काढलासुद्धा. त्यांची कळकळ खरी होती, तरी मी नम्रपणे नकार दिला. भाच्याने पुण्यात नाना पेठेतून नवा स्विच घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने तो स्वतःच घेऊन आला.

लॉजच्या अंगणात प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे झाले. किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, उंबरठ्याची पट्टी आणि पॅनेल ओढून काढले, कनेक्टरची जीभ दाबून तो सोडवला आणि दोन स्क्रू काढले. कनेक्टर वायर धरून ओढू नये आणि पिना हिरव्या पडल्या असतील तर आधी त्या साफ कराव्यात, कारण पावसाळ्यात पायांशी पाणी शिरलेल्या गाडीत निव्वळ गंजानेही पंप बंद पडतो. नवा स्विच बटण वर करून, उभाच बसवावा. तो आडवा किंवा सैल राहिला तर गोळीचा हिशेब चुकतो. बसवण्यापूर्वी हातातून पडला तर बटण उडेल, त्याने घाबरू नये, पुन्हा दाबावे. मी जुना आणि नवा, दोन्ही स्विच हातात उभे धरून पेचकसाच्या मुठीने सारख्याच जोराने टिचकावले: जुना पहिल्याच टिचकीला उडाला, नवा ढिम्म राहिला. पॅनेलच्या दोन क्लिपा माझ्या हातून तुटल्या. निघताना चार जादा क्लिपा आणि एक छोटी विजेरी सोबत ठेवावी.

दुपारी निघून कशेडी ओलांडली आणि खेडहून दापोलीपर्यंत कुठेही थांबावे लागले नाही. फक्त प्रत्येक गतिरोधकावर सौभाग्यवतींचा हात पायांजवळच्या त्या भोकाकडे जात होता.