डिझायनर नाही, तरी सीएमएस लाइव्ह!

आज नाशिकमधून आमचा छोटा सीएमएस (वेबसाइटचा मजकूर लिहून प्रकाशित करायची प्रणाली) लाइव्ह गेला. डिझायनर हाताशी नसेल तर सजावटीच्या मागे लागू नका, आधी अक्षरं सांभाळा. फाँट एकच: मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. मजकूर १८ पिक्सेल, लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.७. इंग्रजीसाठी चालणारं १.३ तसंच ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. आणि लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच! तयार टेम्प्लेटमधलं २ पिक्सेल राहून गेलं, तर ‘द्राक्षांची छाटणी’ या शीर्षकाची शिरोरेषाच तुटते. फार वाईट दिसतं ते.

सीएमएसचं पान निफाडच्या द्राक्षबागेत भर उन्हात मोबाइलवर उघडणार. फिकट करडी अक्षरं तिथे दिसतच नाहीत, कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. ठळक रंग फक्त ‘प्रकाशित करा’ या बटणाला. ‘हटवा’ त्याच्यापासून लांब ठेवा, घाईत अंगठा चुकतोच.