तुम्ही विचारलंत म्हणून: चौघांना माईक किती?

‘आम्ही चौघं एका खोलीत बसून पॉडकास्ट करणार आहोत. टेबलाच्या मधोमध एकच भारीतला माईक ठेवला तर भागेल ना?’ हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. भागत नाही. तेवढ्याच पैशांत चार साधे माईक घ्या, काम कितीतरी चांगलं होईल.

सगळा खेळ अंतराचा आहे. तोंड माईकपासून दुप्पट लांब गेलं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलनी उतरतो. भिंतींवरून आणि छतावरून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. १० सेंमीवरचं तोंड ८० सेंमीवर गेलं, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं. १८ डेसिबल गेले. ते भरून काढायला गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा ती पातळी) वाढवलात की पंखा, भिंती, खुर्चीची करकर, सगळंच १८ डेसिबलनी वर येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, ही मंडळी विहिरीत बसून बोलताहेत. हा घुमारा नंतर सॉफ्टवेअरनं काढता येतो, पण पुरता नाही, आणि काढताना शब्दांच्या कडा झिजतात.

म्हणून माणशी एक माईक, तोंडापासून एका मुठीच्या अंतरावर. कार्डिऑइड पॅटर्नचा, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, डायनॅमिक (आवाजानं हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) माईक घ्या. डायनॅमिक माईक खोली कमी उचलतो असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. एकाच पॅटर्नचे डायनॅमिक आणि कंडेन्सर (विजेवर चालणारा, जास्त संवेदनशील माईक) एकाच अंतरावर ठेवले तर खोलीचा वाटा दोघांत साधारण सारखाच येतो. डायनॅमिकचा फायदा असा की तो जवळून बोलण्यासाठीच बनवलेला असतो, हाताळणी सोसतो आणि बहुतेकांना ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधून माईकला दिली जाणारी वीज) लागत नाही. १९६६पासून मंचावर वापरला जाणारा शुअर एसएम ५८ या कामाला अगदी पुरेसा आहे. त्याच कंपनीचा एसएम ७बी सुंदर आहे, पण त्याला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. प्रीअँप (माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) कमकुवत असेल तर आवाजाबरोबर सुसकारही वर येतो.

आता बसायचं कसं, याकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. कार्डिऑइड माईक पाठीमागून सर्वांत बहिरा असतो, बाजूनं फक्त ६ डेसिबलनी. चौघं गोलात बसा, प्रत्येकाचा माईक त्याच्या तोंडाकडे वळलेला, पाठ गोलाच्या मध्याकडे. समोरचा माणूस आपोआप बरोबर माईकच्या पाठीमागे येतो. गोलाची त्रिज्या १ मीटर धरली तर शेजारचे दोघं माईकच्या रोखापासून साधारण १३० अंशांवर येतात. तिथे कागदावर तरी १५ डेसिबलची घट मिळते. एका बाजूला ओळीनं बसलात तर यातलं काहीच मिळत नाही. दोन माईकांमधलं अंतर तोंड ते माईक अंतराच्या निदान तिप्पट हवं हा जुना नियम आहे. तोंड १० सेंमीवर असेल तर तो सहज पाळला जातो. कोणी आरामात मागे रेलून ४० सेंमीवर गेला की माईक १२० सेंमी दूर लागतील.

एवढी काटेकोरी कशासाठी? शेजाऱ्याचा आवाज त्याच्या माईकमध्ये आधी पोचतो आणि तुमच्या माईकमध्ये सुमारे साडेतीन मिलिसेकंद उशिरा. दोन्ही ट्रॅक एकत्र झाले की काही कंपनं एकमेकांना खातात, कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडतात आणि आवाज पोकळ होतो. इक्वलायझरनं त्या भरत नाहीत.

चारही माईक एकाच यंत्रात जायला हवेत: चार एक्सएलआर (माईकच्या तीन पिनांच्या केबलच्या) इनपुटचा इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी) किंवा रेकॉर्डर, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. चार यूएसबी माईक चार लॅपटॉपना जोडू नका. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. दशलक्षात २० भागांचा फरक असला तरी तासाभरात ट्रॅक ७२ मिलिसेकंदांनी सरकतात. वेगवेगळ्या खोल्यांत हे खपून गेलं असतं. एका खोलीत प्रत्येकाचा आवाज सगळ्याच माईकांत थोडाथोडा असतो, त्यामुळे शेवटाकडे प्रतिध्वनी ऐकू येतो.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. चार ट्रॅकचे तासाला जेमतेम २ जीबीच्या वर होतात. गेन लावताना ‘हॅलो, वन टू’ म्हणवून घेऊ नका, प्रत्येकाला हसवा. हशा बोलण्यापेक्षा बराच वर उडतो. मीटरवर तो उणे ६ डेसिबलच्या आत राहिला आणि बोलण्याचे उंचवटे उणे १२ च्या आसपास आले की ठीक; शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल मर्यादा.

प, फ, भ उच्चारताना सुटणारी हवा सरळ जाळीवर आदळली की धप्प असा आवाज येतो. फोमची टोपी लावा आणि माईक तोंडासमोर न धरता ३० ते ४५ अंश बाजूला ठेवा. माईकचे हात टेबलाला चिमटवले असतील तर बोटांचा प्रत्येक ठेका चारही ट्रॅकवर येतो. जमिनीवरचे स्टँड घ्या, नाहीतर टेबलावर जाड घोंगडी टाका; तिनं टेबलावरून उसळणारा आवाजही मरतो. हेडफोन चौघांनाही, बंद कपांचे. स्वतःचा आवाज कानात बारीक झाला की माणूस न सांगता माईककडे परततो.

संकलनात चारही माईक सतत उघडे ठेवलेत तर खोलीचा गोंगाट एका माईकपेक्षा ६ डेसिबलनी जास्त येतो. जो बोलत नाही त्याचा ट्रॅक एक्स्पांडरनं (हळू आवाज आणखी हळू करणाऱ्या साधनानं) ६ ते १० डेसिबल खाली न्या. गेटनं (ठरावीक पातळीखालचा आवाज तोडणाऱ्या साधनानं) साफ बंद केलात तर प्रत्येक वाक्यामागची खोली उघडझाप करते आणि ते गोंगाटापेक्षा जास्त खुपतं.

आणि खरोखरच एकच माईक हाताशी असेल तर? दोघांसाठी फिगर-एट पॅटर्नचा (पुढून आणि मागून ऐकणारा) माईक मधे ठेवा, दोघं समोरासमोर, एकेका वितीवर. चौघांसाठी ओम्नी (सगळीकडून सारखाच ऐकणारा), खुर्च्या ओढून तोंडं ३० ते ४० सेंमीवर आणा, टेबलावर घोंगडी, पंखा बंद, आणि ज्याचा आवाज खणखणीत त्याला एक वीत मागे बसवा.