मिनेसोटाचे आडरस्ते आणि आपला खंडवा रोड

अमेरिकेच्या लोकसंख्येचा जेमतेम पाचवा हिस्सा ग्रामीण भागात राहतो, पण तिथे रस्ते अपघातांत दरवर्षी जी माणसे दगावतात, त्यांपैकी सुमारे ४० टक्के ग्रामीण रस्त्यांवर दगावतात. इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या माझ्या काकांना मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांना ते पटेना. "अगं, तिकडचे रस्ते आरशासारखे, गाडी दिसते ती तासाला एखादी, मग अपघात होतातच कसे?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आपल्या माळव्याला आणि निमाडला फार जवळून लागू पडते, म्हणून ते इंदूरच्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

मी मिनेसोटा राज्याच्या नैर्ऋत्य भागात एका लहान गावी राहते आणि काउंट्यांच्या रस्त्यांची सुरक्षेच्या दृष्टीने पाहणी करणाऱ्या एका सल्लागार कार्यालयात काम करते. काउंटी हा साधारणपणे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा, पण बराच लहान घटक आहे. मिनेसोटात अशा ८७ काउंट्या आहेत आणि प्रत्येक काउंटीला कायद्याने स्वतःचा महामार्ग अभियंता नेमावा लागतो. आमच्या भागात क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन असते, जमिनीची मोजणी चौकटीचौकटीने झालेली असल्यामुळे जवळपास प्रत्येक मैलावर एक रस्ता दुसऱ्याला काटकोनात छेदतो, आणि अशा छेदांवर बहुतेक वेळा सिग्नल नसतो, फक्त एका रस्त्यावर थांबण्याचा फलक असतो.

अपघात होण्याची कारणे या वर्णनातच आहेत. रस्ता मोकळा असल्यामुळे वेग वाढतो, दोन पदरांच्या मध्ये दुभाजक नसतो, चाक साइडपट्टीवरून घसरले की गाडी थेट चारीत किंवा झाडावर जाते, आणि त्यानंतर मदत येईपर्यंत बराच वेळ जातो, कारण रुग्णालय दूर असते आणि अनेक लहान गावांतली रुग्णवाहिका आपापली कामे सोडून येणारे स्वयंसेवक चालवतात. शहरात धडका पुष्कळ होतात, पण कमी वेगामुळे त्यांतून माणूस बहुधा वाचतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर मात्र एकच चूक जिवावर बेतते. आपल्या देशाचे आकडेही हेच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी साधारण दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात झाले. त्याच वर्षी मध्य प्रदेशात ५४,४३२ अपघातांची नोंद झाली, आणि या संख्येत आपल्यापुढे फक्त तमिळनाडू होता.

या कामात आल्यावर ज्या गोष्टीने माझी विचार करण्याची पद्धत बदलली, ती अशी की ग्रामीण रस्त्यांवरचे मृत्यू विखुरलेले असतात. एका काउंटीत शेकडो मैलांचे रस्ते असतात आणि वर्षाला दोन-तीन प्राणघातक अपघात होतात. यंदा ते एका वळणावर झाले, तर पुढच्या वर्षी दहा मैल दूरच्या दुसऱ्याच वळणावर होतात. अशा ठिकाणी नकाशावर टाचण्या टोचून त्यांची गर्दी शोधत बसलो, तर काहीच हाती लागत नाही. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गावरच्या ब्लॅक स्पॉटची अधिकृत व्याख्या अशी आहे की सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झालेले असावेत, किंवा तेवढ्याच काळात दहा माणसे मेलेली असावीत. गणपती घाटासारख्या जागेसाठी ही व्याख्या योग्यच आहे. मानपूरकडून निमाडात उतरताना त्या उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षे माणसे मेली, ती जागा सर्वांच्या तोंडी झाली, आणि अखेर २०२४ च्या अखेरीस तिथे नवा वळणरस्ता सुरू झाला. पण ज्या फाट्यावर तीन वर्षांत दोनच माणसे गेली, तो फाटा या हिशेबात कधीच येत नाही, आणि असे फाटे एकट्या इंदूर जिल्ह्यात कितीतरी असतील. मृतांची संख्या ठरावीक आकड्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहणारी पद्धत तिथे अपुरी पडते, इतकेच नव्हे तर ती मला माणुसकीला सोडून वाटते.

मिनेसोटाने २०१० च्या आसपास सर्व ८७ काउंट्यांसाठी रस्ता सुरक्षेचे आराखडे तयार केले, तेव्हा हाच पेच समोर होता. त्यांनी राज्यभरातले प्राणघातक आणि गंभीर अपघात एकत्र करून असे विचारले की ज्या वळणांवर हे घडले, त्या वळणांत समान काय आहे. उत्तरे अगदी ठोस निघाली. साधारण ५०० ते १,२०० फूट त्रिज्येची वळणे अधिक घातक होती. वळणावरच दुसरा रस्ता येऊन मिळत असेल, तर धोका वाढत होता. आणि एक कारण तर मी तोपर्यंत कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते: रस्ता वळतो, पण झाडांची रांग, विजेचे खांब किंवा एखादी कच्ची वाट सरळच पुढे जाते, त्यामुळे रात्री चालकाच्या डोळ्यांना रस्ताही सरळ गेल्याचा भास होतो. चौकांच्या बाबतीतही अशीच यादी झाली. दोन रस्ते तिरकस मिळतात का, चौक वळणाजवळ आहे का, कोपऱ्यावर दुकान किंवा पेट्रोल पंप आहे का, जवळ रेल्वे फाटक आहे का, आणि मागच्या थांबा-फलकापासून चालक ५ मैलांहून अधिक अंतर न थांबता आला आहे का, हे सगळे पाहिले गेले. यांतली जितकी लक्षणे एखाद्या जागी सापडतील, तितके तारांकन त्या जागेला मिळाले, आणि पूर्वीचा अपघात हे त्या अनेक लक्षणांपैकी केवळ एक लक्षण ठरले. त्यामुळे जिथे अजून कोणीही मेलेले नाही, अशा वळणाचेही नाव दुरुस्तीच्या यादीत वर येऊ शकते.

हे वाचताना खंडवा रोडवरून बडवाहला किंवा ओंकारेश्वरला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात भेरूघाट आलाच असेल. आता इंदूर-इच्छापूर मार्गाच्या चौपदरीकरणात घाटासाठी बोगदे होत आहेत, आणि घाटाचा प्रश्न त्याने बराचसा सुटेल अशी आशा आहे. माझी काळजी घाटापेक्षा अलीकडच्या आणि पलीकडच्या सपाट भागाची आहे. सिमरोलच्या पुढे किंवा खाली निमाडात एखादा गावरस्ता उंच पिकातून अचानक महामार्गावर येतो, तिथे डावीउजवीकडे पाहायला जागा नसते, आणि महामार्ग जितका रुंद होईल, तितका त्यावरचा वेग वाढत जातो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मध्य प्रदेशातल्या हजारो गावांना बारमाही रस्ता दिला, त्या रस्त्यांमुळे बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोहोचू लागल्या आणि मुली शाळेत जाऊ लागल्या, ही फार मोठी गोष्ट आहे. पण डांबरी रस्ता झाल्यावर मोटारसायकलचा वेगही दुप्पट होतो, आणि तो वेग फाट्यावर येऊन महामार्गाच्या वेगाला भिडतो. रस्ता बांधणारी यंत्रणा वेगळी आणि महामार्गाची यंत्रणा वेगळी असल्यामुळे फाट्याचे ते शेवटचे पन्नास मीटर कोणाचेच राहत नाहीत.

उपाय नेहमीच महाग असतात असे नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने पारखून घेतलेल्या उपायांत रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ ४ इंचांऐवजी ६ इंच रुंद करणे हा एक आहे, आणि तेवढ्याने दोन पदरी ग्रामीण रस्त्यांवर चौकांव्यतिरिक्तचे जीवघेणे आणि इजा करणारे अपघात ३७ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे नोंदले गेले आहे. हा खर्च केवळ रंगाचा आहे. दुसरा उपाय डांबराच्या कडेचा. रस्त्यावर नवा थर टाकताना कड उभी न ठेवता सुमारे ३० अंशांच्या उताराने दाबून घेतात, म्हणजे खाली गेलेले चाक सहज वर येते. माळव्याच्या काळ्या मातीत या उपायाचे मोल फार आहे, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, साइडपट्टी खचते, आणि डांबराची कड चार-सहा इंच उंच उरते. समोरून बस आल्यावर खाली उतरलेला दुचाकीस्वार त्याच कडेवर चढताना पडतो.

मात्र इथले सगळे तसेच्या तसे उचलावे, असे मी म्हणणार नाही. मिनेसोटात मरणारा माणूस बहुतेक वेळा मोटारीत बसलेला असतो. भारतात २०२२ मध्ये मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते आणि १९.५ टक्के पायी चालत होते. रस्त्याच्या मध्यरेषेवर खाचा पाडून डुलकी लागलेल्या चालकाला जागे करण्याची इथली युक्ती समोरासमोरच्या जीवघेण्या आणि इजा करणाऱ्या धडका ४४ ते ६४ टक्क्यांनी कमी करते, पण जिथे निम्मी वाहतूक दुचाकींची आहे, तिथे त्या खाचांची खोली आणि जागा नव्याने ठरवावी लागेल. आपल्याकडे गावात शिरतानाच वेग उतरवणारी रचना, शाळेसमोर उंचावलेली पादचारी वाट आणि फाट्यावरचा दिवा यांना पहिला मान द्यायला हवा. सोयाबीन भरून मंडीकडे निघालेल्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, ही गोष्टही याच यादीत आहे. इथे मिनेसोटात शेतीच्या संथ वाहनांमागे नारिंगी त्रिकोणी खूण लावणे सक्तीचे आहे, आणि रात्री ती दुरूनच चमकते.

पैसा कोणत्या रस्त्यावर जावा हे कोण ठरवते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९६२ च्या कायद्याने ५०,००० हून अधिक वस्तीच्या शहरांना आसपासच्या परिसरासह एकत्रित वाहतूक नियोजन करणे भाग पाडले, पण गावे त्या चौकटीबाहेरच राहिली. १९९१ च्या कायद्यानंतर हळूहळू त्यांना जागा मिळू लागली. मिनेसोटात त्यातून आठ विभागीय वाहतूक मंडळे उभी राहिली, ज्यांत राज्याचे अधिकारी, काउंट्या, लहान शहरे, मूळ अमेरिकी रहिवाशांची स्वशासित आदिवासी राष्ट्रे आणि प्रवासी वाहतूक चालवणारे एकत्र बसून संघीय निधीच्या वाट्याचा प्राधान्यक्रम ठरवतात आणि तो चार वर्षांच्या राज्य कार्यक्रमात जातो. सुनावण्यांना शेतकरी येतात आणि नेमके प्रश्न विचारतात. दोन रस्त्यांच्या छेदावर वर्तुळाकार चौक करायचा प्रस्ताव होता, तेव्हा एका वयस्क शेतकऱ्याने आपल्या कापणी यंत्राची रुंदी सांगून ते तिथून वळेल का, असे विचारले, आणि मधल्या वर्तुळाची कड उतरती करून आराखडा बदलण्यात आला. थांबा-फलकाच्या जागी असा चौक केल्यास जीवघेणे आणि इजा करणारे अपघात ८२ टक्क्यांनी घटतात, पण ते यंत्र तिथून वळले नसते, तर गावाने तो चौक कधीच स्वीकारला नसता.

हे सगळे करूनही यश सरळ रेषेत येत नाही. मिनेसोटात २००३ मध्ये ६५५ माणसे रस्त्यांवर मेली होती, २०१९ मध्ये ती संख्या ३६४ वर आली, आणि महासाथीच्या काळात रिकाम्या रस्त्यांवर वेग वाढल्यामुळे २०२१ मध्ये ती पुन्हा ४८८ झाली.

गावात सार्वजनिक बस असणे हाही सुरक्षेचाच भाग आहे. आमच्याकडे काउंटीची लहान बस आधी फोन करून बोलावता येते, तिला संघीय अनुदान मिळते, आणि गाडी चालवणे सोडलेली वृद्ध माणसे तिनेच दवाखान्यात जातात. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला, तेव्हापासून गावकऱ्यांच्या वाट्याला खासगी बस, नाहीतर दाराला लटकून जायची मॅजिक ही छोटी प्रवासी गाडी आली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली आहे. तिचे मार्ग ठरवताना शहराशहरांना जोडणाऱ्या फायद्याच्या वाटांबरोबर तालुक्यातल्या आडवाटाही धराव्यात, असे मला मनापासून वाटते.

इंदूर, उज्जैन, देवास आणि धार यांना मिळून महानगर क्षेत्र करण्याचे काम आता सुरू आहे. या क्षेत्राच्या नकाशात शेकडो गावे येतील, आणि त्यांच्या रस्त्यांवरून शहराची वाहतूक जाईल. गावांचे फाटे तपासायला लागणारी माहिती आज उपलब्ध आहे, कारण अपघाताच्या जागेची नोंद पोलिसांनी मोबाइलवरून करण्याची जी देशव्यापी प्रणाली आयआयटी मद्रासने उभारली, तिच्या पहिल्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समितीही बसते. काकांचे एक स्नेही निवृत्त अभियंता आहेत आणि सिमरोलकडे त्यांची शेती आहे. त्यांनी मला तिथल्या फाट्यांची छायाचित्रे पाठवली आहेत, आणि मिनेसोटाच्या त्याच लक्षणांच्या यादीवरून आम्ही दोघे प्रत्येक फाट्याला तारे देत आहोत. पहिल्या फाट्याला चार तारे मिळाले आहेत, आणि तिथे आजवर एकही मृत्यू नोंदलेला नाही. यादी पूर्ण झाली की ते ती समितीकडे लेखी देणार आहेत.