चोपन्न पायऱ्या आणि सहा किलो

मंगळवार, रात्री

आज सातवा महिना लागला. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या चालू ठेव, पाणी भरपूर पी, जड उचलू नकोस. मी हो हो म्हणत बाहेर पडले. सोसायटीत शिरले तर चिऊ आजीचं बोट धरून पार्किंगमध्येच उभी. मला बघितलं आणि दोन्ही हात वर. "कडेवर."

अडीच वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात साडेबारा किलो भरली. आमची इमारत पुण्यात एरंडवण्यातली, जुनी, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर. चोपन्न पायऱ्या आहेत, गेल्या महिन्याभरात रोज मोजल्यात. "आज आई नाही घेणार, आज आपण गाणं म्हणत जाऊ," असं समजावत तिला वर आणलं. दुसऱ्या मजल्यावर तिने बसकण मारली. तिथे आम्ही तिघी पाच मिनिटं बसलो. आजीने पर्समधून खारीक काढून तिला दिली.

दार उघडलं आणि गॅलरीतली बाबागाडी दिसली. चिऊच्या वेळी हौसेने घेतलेली. मोठी चाकं, जाड गादी, इकडून तिकडे फिरणारा दांडा, खाली एवढी मोठी टोपली. वजन अकरा किलो. दुकानात ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पहिल्या वर्षात ती खाली किती वेळा गेली ते बोटांवर मोजता येईल, कारण न्यायची म्हटलं की दोन माणसं लागत: एकाकडे बाळ, एकाकडे गाडी. दिवसा घरात मी एकटी. म्हणजे गाडी वर आणि आम्ही दोघीही वर. त्या वर्षी संध्याकाळी गॅलरीच्या गजांतून रस्ता बघत मी किती वेळ उभी राहिले आहे, ते आज पुन्हा आठवलं. दुसऱ्या वेळी असं होऊ द्यायचं नाही.

झोप येत नाही म्हणून हिशेब मांडला. मला सव्वीस आठवड्यांची रजा आहे. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना तेवढी मिळते. त्यातले दोन आठवडे आधी गेले, तर मी कामावर रुजू होईन तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं असेल आणि चिऊ सव्वातीनची. त्यानंतर दुपारी दोघांना बाहेर कोण नेणार? आई. माझ्या सासूबाई. चौसष्ट वर्षांच्या, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. म्हणजे नवी गाडी बाळाला शोभते का, मला आवडते का, हा प्रश्नच नाही. ती आईंच्या हाताला झेपली पाहिजे.

गुरुवार

आज आईंना सगळं सांगितलं, सहा किलोच्या आसपासची हलकी गाडी बघू हेही. मला वाटलं होतं त्या म्हणतील, "आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या, कडेवरच वाढली पोरं." तसं काही म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "सहा किलो म्हणजे किती गं? हाताला कळलं पाहिजे."

उठल्या आणि दळणाची पिशवी काढली. तीच जुनी खाकी, गिरणीच्या पिठाने शिवणीत पांढरी झालेली. डब्यातून गहू घेतले, वर ज्वारी घातली आणि काट्यावर सहा किलो भरले. चिऊला मी धरलं. आई पिशवी घेऊन खाली गेल्या आणि न थांबता वर आल्या. दम लागला होता, पण बोलत बोलत आल्या. "ही जमेल."

मग नऊ किलो. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. या वेळी पहिल्या मजल्यावर पिशवी खाली टेकवल्याचा आवाज आला, दुसऱ्यावर पुन्हा. वर आल्या तेव्हा पिशवी उजव्या हातात होती आणि डावा हात कठड्यावरून सोडायला तयार नव्हत्या. अकरा किलो भरूच दिले नाहीत मी. आमच्या मागच्या गाडीचं वजन त्यांना पुन्हा हातात द्यायचं नव्हतं.

बसल्यावर त्या म्हणाल्या, "पण हे नुसतं धान्य आहे. धान्य रडत नाही, हात सोडून पळत नाही." बरोबर आहे. एका हातात गाडी तर दुसऱ्या हातात बाळ, आणि शेजारी चिऊ. म्हणजे खरी मर्यादा सहाच. त्याहून कमी मिळाली तर उत्तम.

संध्याकाळी नवऱ्याने जुळ्यांची असते तशी दोन सीटची गाडी सुचवली. दोन मुलं, दोन सीट, त्याचं म्हणणं सरळ होतं. टेप घेऊन खाली गेला. आमच्या फाटकातला छोटा दरवाजा अडुसष्ट सेंटिमीटर. ज्या गाड्या तो बघत होता त्या शेजारी-शेजारी सीटच्या, पंचाहत्तरच्या आसपास. एकामागे एक सीट असलेल्या अरुंद असतात, पण वजन बारा-तेरा किलो. तो विषय तिथेच संपला. मागच्या चाकांवर लावायची फळी मिळते, मोठं मूल तिच्यावर उभं राहतं. तीही नको वाटली. ढकलणाऱ्याच्या नडग्या त्या फळीला लागतात, आणि चिऊ उभी असताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं तर आई कुणाला आधी धरणार?

पण दोन सीटच्या त्या चर्चेतून एक गोष्ट सुचली, आणि दिवसभरात तीच सगळ्यात कामाची ठरली. पहिले पाच-सहा महिने गाडीची गरज बाळाला नाहीच. ते माझ्या अंगाशी बांधलेलं राहील, झोळीत किंवा कॅरिअरमध्ये, आणि तिथेच त्याला बरं वाटेल. पाय दुखतात चिऊचे. बसकण मारते ती चिऊ. म्हणजे गाडी आधी तिच्यासाठी घ्यायची. पुढे बाळ बसू लागेल तेव्हा जागा त्याची, आणि तोवर चिऊ लांबवर चालायला लागलेली असेल. तान्ह्यासाठी सपाट पाळणा लावलेली जड गाडी घ्यायचं कारणच उरत नाही.

फक्त दोन अटी वाढल्या. एक, किती वजनापर्यंतची गाडी आहे ते बघायचं. पुष्कळ हलक्या गाड्या पंधरा किलोपर्यंतच्याच असतात, आणि चिऊ वर्षभरात तिथे पोचेल. युरोपच्या मानकाचे दोन भाग आहेत, ईएन १८८८ चा पहिला पंधरा किलोपर्यंत आणि दुसरा त्यापुढे बावीसपर्यंत. बावीसवाली बघायची. दुसरी अट, पाठ नीट मागे जायला हवी. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी सीट किमान दीडशे अंशांनी उघडली पाहिजे असं तेच मानक सांगतं. आईंकडे बाळ जाईल तेव्हा ते जेमतेम त्या उंबरठ्यावर असेल, आणि दुपारी गाडीतच झोपेल.

शनिवार

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात गेलो. रिक्षाने, मुद्दाम. रिक्षाच्या सीटमागे सामानाची जी जागा असते ती नवऱ्याने टेपने मोजून घेतली. रिक्षावाले काका आधी चकित झाले, मग त्यांनीच टेपचं एक टोक धरलं. "माझ्या नातवाची होती एक," म्हणाले, "उभी घालावी लागायची, चाक बाहेर यायचं."

दुकानातल्या मुलाने फार छान दाखवलं. एका हाताने दांडा दाबला, झटक्यात गाडी मिटली. दुसरी, तिसरी, तशीच. मी आईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बाळा, तू दिवसातून पन्नासदा करतोस. आता मला करू दे." मग वाकून चिऊला कडेवर घेतलं, उजव्या कडेवर, साडेबारा किलोची मुलगी, आणि मोकळ्या डाव्या हाताने कळ शोधायला लागल्या.

पहिल्या गाडीची कळ दांड्याच्या आतल्या बाजूला होती. ती सरकवायची आणि सरकवलेली धरून दुसरं बटण दाबायचं. अंगठ्याचंच काम. आईंचा अंगठा नखापर्यंत पांढरा पडला आणि कळ हलली नाही. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण मला त्यांचा तो पांढरा अंगठा दिसत होता. मी गाडी बाजूला सारली. दुसरी पायाने मिटायची होती. तिला पातळ सावरत एक पाय उचलावा लागत होता, तीही नको. तिसरीला दांड्याच्या मधोमध रुंद पट्टी होती. आईंनी चारही बोटं तिच्यात घातली आणि पिशवी उचलावी तशी वर ओढली. गाडी आपोआप मिटली आणि स्वतःच उभी राहिली. "हं," म्हणाल्या. चिऊने टाळ्या वाजवल्या.

वजन सहा किलोला थोडं कमी. आम्ही काटा मागितला, आणि त्यांनी खरंच करून दाखवलं. छत आणि टोपलीसकट पाच किलो नऊशे. हे महत्त्वाचं, कारण काही ठिकाणी छपाईत नुसत्या सांगाड्याचं वजन देतात.

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. मी मालकांना म्हटलं, एकदा बाहेर नेऊ का. ते लगेच हो म्हणाले आणि स्वतः सोबत आले. बाहेर पेव्हर ब्लॉक, त्यांतल्या फटी, आणि रस्त्याच्या वर दोन बोटं आलेलं चेंबरचं झाकण. हलक्या गाडीची चाकं लहान असतात, ही तिची खरी उणीव, आणि ती लपवून चालणार नाही. झाकणाशी पुढचं चाक आडवं झालं आणि गाडी जागच्या जागी थांबली. चिऊ पुढे आली, पट्ट्यांनी धरली. दोन खांद्यांवरून, दोन कमरेशी, एक पायांमधून, असे पाचही पट्टे लावलेले होते म्हणून. आईंना मालकांनी शिकवलं: अशा ठिकाणी दांडा थोडा खाली दाबा, पुढची चाकं उचला, मग पुढे न्या. आणि फुटपाथवरून उतरताना गाडी फिरवून घ्या, मागची चाकं आधी.

फुटपाथचं निघालं म्हणून लिहिते. नवरा सिव्हिल इंजिनिअर आहे, रस्त्यांचीच कामं करतो. पदपथांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शिका आहे: चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, आणि उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने मोजलं तर २६० निघालं. वीतभरापेक्षा जास्त. तिथे गाडी चढवणं म्हणजे उचलणंच. जंगली महाराज रस्त्यावर मात्र फुटपाथ एवढा रुंद केलाय की दोन गाड्या शेजारून जातील. नळ स्टॉपला मेट्रोत बसायचं, लिफ्टने वर, लिफ्टने खाली, संभाजी उद्यानाला उतरायचं. आईंना मी म्हटलं, सुरुवात तिथून करू. घरासमोरच्या गल्लीत नको.

साडेआठ हजार झाले. आमच्यासाठी ते थोडे नाहीत. नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मी आईंकडे, आणि पैसे दिले.

रविवार, दुपारी

चिऊ झोपलीय. बिजागऱ्या बघत बसले होते. मिटताना दोन नळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे या गाडीला प्लॅस्टिकचं आवरण आहे. २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख बाबागाड्या परत बोलावल्या होत्या, कारण अशाच बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. ते वाचल्यापासून घरात नियम केला: गाडी उघडताना-मिटताना चिऊ दाराशी उभी राहील, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. तिला तो खेळ वाटतो. वाटू दे.

आणखी दोन नियम कागदावर लिहून फ्रिजला लावले. दांड्याला पिशवी अडकवायची नाही. गाडीच इतकी हलकी की मूल उतरलं की पिशवीच्या भाराने मागे उलटते. आणि उन्हात वरून ओढणी टाकून सगळीकडून झाकायचं नाही, आत हवा कोंडते आणि तापते.

अशी हलकी घडीची बाबागाडी मुळात एका आजोबांनी बनवली, हे मला खूप आवडलं. ओवेन मॅक्लारेन, इंग्लंडमधले विमान अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाची चाकं पंखांत मिटतात, त्या कामात त्यांचा हात होता. लेक नातवंडाला घेऊन विमानाने आली, तेव्हा जड बाबागाडी ओढताना तिचे झालेले हाल त्यांनी ऐकले. मग १९६५ मध्ये ॲल्युमिनिअमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "लेकीचे हात दुखले ते बापाला दिसलं." मग थोड्या वेळाने, भाजी निवडत, "चांगला माणूस."

पुढचा शुक्रवार

ऑफिसातून फोन केला तर आई उचलेनात. जीव खालीवर झाला. संध्याकाळी घरी आले तर दाराच्या मागे गाडी मिटून उभी, तिच्या चाकांना ओली माती, आणि आई चिऊला दूधभात भरवत होत्या.

एकट्याच गेल्या होत्या दोघी, कमला नेहरू पार्कपर्यंत. जाताना गाडी खांद्याला अडकवली आणि चिऊचं बोट धरलं. येताना चिऊ गाडीतच झोपली. आता वर कसं न्यायचं? मूल आत ठेवून जिन्यावरून गाडी उचलायची नाही हे आमचं ठरलेलं. आई खाली बाकावर बसून राहिल्या, अर्धा तास, ती उठेपर्यंत. फोन वर राहिला होता.

"आणि दळण?" मी विचारलं. खाकी पिशवी खिळ्यावर नव्हती. आज गिरणीचा वार.

"टाकून आले जाताना. येताना नाही आणलं," आई म्हणाल्या आणि चिऊच्या तोंडाशी घास नेला. "दोन्ही ओझी कोण उचलणार? तुझ्या नवऱ्याला सांगितलंय, येताना घेऊन ये म्हणून."