मोकी डगवेवर एक तास कमी पडला

जावयाने माझ्या कॅमेऱ्यातले फोटो टीव्हीवर लावले आणि तिसऱ्याच मिनिटाला मुलीने विचारलं, "बाबा, ही खडी कशाला काढलीय?"

खडी नव्हती ती. मोकी डगवे नावाच्या घाटरस्त्याच्या एका वळणाची बाहेरची कड होती. अशा कडांचे मोजून त्रेपन्न फोटो निघाले. ज्या सूर्यास्तासाठी फिनिक्सहून दिवसभर गाडी हाकली, त्याचा एकही नाही.

निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला. मुलीकडे गेलो की आठवडाभर भाड्याची गाडी घेऊन आम्ही दोघं ॲरिझोना-युटाच्या ओसाडीत हिंडतो. माणसं नाहीत, झाडं नाहीत, तांबडे खडक आणि आभाळ. हिला सुरुवातीला कंटाळा यायचा. आता तीच फोल्डिंगची खुर्ची काढून बसते आणि मी ट्रायपॉडशी झटापट करत असलो की शेंगदाण्याचा लाडू पुढे करते.

या सप्टेंबरात युटातल्या मेक्सिकन हॅट गावी मुक्काम केला. दुपारी गूजनेक्स पाहिलं. सॅन ह्वान नदी तिथे दीड मैल पुढे सरकायला सहा मैलांची वळणं घेते, हजार फूट खोल. जागा अफाट, पण भर दुपारी फोटो सपाट येतो. म्हणून ठरवलं की संध्याकाळी म्यूली पॉइंटला जायचं. तीच नदी, तीच वळणं, पण खूप उंचावरून, आणि मागे मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके.

तिकडे जायचा रस्ता म्हणजे मोकी डगवे. खाली डांबर, वर डांबर, मधले तीन मैल नुसती खडी. समोर सीडर मेसा या पठाराचा उभा कडा, आणि रस्ता कुठून जातो ते पायथ्याशी उभं राहूनही कळत नाही. पाटी सांगते की अठ्ठावीस फुटांहून लांब गाडी नेऊ नका. ही म्हणाली, "अहो, आपली किती आहे?"

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. फोंडा आणि भुईबावडा घाटांत माझे किती पावसाळे दरडी उपसण्यात गेले त्याला गणती नाही. घाटाचा चढ वीसास एक, म्हणजे वीस फुटांना एक फूट, धरायचा, नाइलाज झाला तर थोडा जास्त, हे अंगात मुरलेलं. इथे अकरा टक्के, म्हणजे जवळपास नवास एक! कठडा नाही, मोरी दिसत नाही, बाहेरच्या बाजूला दगड रचलेत तेही ठिकठिकाणीच. पहिल्याच हेअरपिनला गाडी कडेला घेतली आणि उतरलो. दुसऱ्यालाही उतरलो. मग उतरतच गेलो.

हा रस्ता 1958 साली एका खाण कंपनीने केला. पलीकडे हॅपी जॅक नावाची युरेनियमची खाण होती, तिथला कच्चा माल मेक्सिकन हॅटजवळच्या, युरेनियम वेगळं काढणाऱ्या गिरणीत आणायचा होता. म्हणजे भरलेले ट्रक या घाटाने खाली उतरायचे! रिकामा ट्रक घाट चढवणं वेगळं आणि भरलेला उतरवणं वेगळं, हे ज्याने घाटात ब्रेक जळाल्याचा वास घेतलाय त्यालाच कळेल. 1965 साली गिरणी बंद झाली. तिचा उरलेला गाळ नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर दगडांखाली पुरून ठेवलाय. येताना हायवेवरून तो करडा ढीग आम्ही पाहिला होता, आणि मला तो धरणाचा बांध वाटला होता. त्या ड्रायव्हरांचं काय झालं असेल, या विचारात मी कडेकडेने फोटो काढत राहिलो.

"सूर्यास्त कितीला आहे?" हिने दोनदा विचारलं.

"सव्वासातला. आत्ता सहा वाजतायत."

माझ्या मनगटावर जुनं एचएमटी आहे, फिनिक्सच्या वेळेला लावलेलं. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करत नाहीत. युटात करतात. ॲरिझोनाच्या आत असलेल्या नावाहोंच्या मुलखातही करतात. हे मला ठाऊक होतं. सकाळी मीच हिला ते मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं.

वर पोचून म्यूली पॉइंटच्या कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य गेलेला होता. टोकाला एक अमेरिकन म्हातारा कॅम्पर लावून बसला होता. तो म्हणाला, आजच्यासारखा उजेड आठवड्यात पडला नव्हता. असली माहिती न विचारता देणारी माणसं जगभर सारखीच. त्याने कॉफी मात्र चांगली पाजली आणि अंधारात डगवे उतरू नका, उत्तरेकडून लांबचा वळसा घ्या, असं बजावलं. मी ऐकलं नाही. घाटाचा माणूस ना मी!

पहिल्या गिअरमध्ये, ताशी पाच मैलांनी उतरलो. वळणावर दिव्यांचा झोत रस्ता सोडून नुसत्या हवेत जायचा, आणि त्या दोन क्षणांत पुढे काय आहे ते दिसायचं नाही. ही एक शब्द बोलली नाही. ही गप्प झाली की मला घाम फुटतो. शेवटी चाकांखालचा खडखडाट थांबला, डांबर आलं.

"भुईबावड्याला निदान कठडा होता," ती म्हणाली.

"दर पावसाळ्यात पडायचा तो."

"पण होता."