पोराच्या आधी मॅडमनी आम्हालाच बसवलं

ऑगस्ट २०१९च्या महापुरात आम्ही सांगलीच्या गावभागात वरच्या मजल्यावर अडकलो होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बोटीतून सगळे सुखरूप बाहेर पडलो, नंतर घर धुऊन रंगही दिला. पण सात वर्षांचा मुलगा काही सावरेना. रात्री अंथरूण ओलं व्हायचं, आभाळ भरून आलं की शाळेला नाट, आणि घटकेघटकेला एकच प्रश्न, "आई, पाणी किती फुटांवर आहे?"

सासूबाईंनी दृष्ट काढली. दिवाळी उलटली तरी फरक नाही, तेव्हा शाळेतल्या बाईंनी एका मानसशास्त्रज्ञांचा पत्ता दिला. मुलाच्या बाबांचा विरोध होता, "एवढ्याशा पोराला गोळ्या सुरू करायच्या?" तिथे गेल्यावर कळलं की औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात, या नाही. आम्हाला ती लागलीच नाहीत.

पहिल्या भेटीला मुलाला आणू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. मला वाटलं, त्याचीच माहिती विचारतील. त्यांनी विचारलं, "त्या दिवसांत तुमचं काय झालं?" तोवर सगळ्यांनी नुकसान किती, पंचनामा झाला का, एवढंच विचारलं होतं. मी बोलत सुटले. हे पहिल्यांदाच म्हणाले की त्यांना अजून नीट झोप लागत नाही. मॅडम म्हणाल्या, धोका टळलाय की नाही हे पोरं आईबापाच्या चेहऱ्यावरून ठरवतात.

मग घरची कामं दिली. जेवणाझोपेच्या वेळा पक्क्या. त्याच्यासमोर पुराचे व्हिडिओ नाहीत. अंथरूण ओलं झालं तर काही न बोलता चादर बदलायची. "घाबरू नकोस" म्हणायचं नाही. पाण्याच्या प्रश्नाला खरं उत्तर, पण दिवसातून एकदाच: बाबा पुलावरून येताना बघून येणार आणि संध्याकाळी सांगणार. सुरुवातीला त्याने खूप रडारड केली. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण याच एका नियमाने आला.

त्याच्या भेटी म्हणजे नुसता खेळ. घमेल्यात ठोकळ्यांचं घर, वरून मगाने पाणी, घर बुडालं, पुन्हा तेच. मला बघवायचं नाही. मॅडम म्हणायच्या, खेळू दे, गोष्ट बदलतेय का तेवढं बघा. आणि एक दिवस त्याने साबणाच्या डबीची बोट आणली. आधी आजीला बसवलं, मग स्वतः चढला. त्यानंतरच नदीकडे जायचं ठरलं: आधी फोटो, मग स्कूटरवरून पूल, मग घाटाची वरची पायरी. छाती धडधडली की श्वास सावकाश सोडायचा. तो "चला घरी" म्हणाला की परत फिरायचं, ओढून न्यायचं नाही.

फी आम्हाला जडच गेली. आता ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फुकट बोलता येतं. तेव्हा ती सोय नव्हती.

जुलै २०२१ला पुन्हा पूर आला. घर कधी सोडायचं ते आधीच ठरलेलं, त्यामुळे त्याने आपलं दप्तर आपणच भरलं आणि आजीच्या गोळ्याही आठवणीने घेतल्या. विश्रामबागला मावशीकडे गेल्यावर अंथरूण परत ओलं व्हायला लागलं. मी घाबरून मॅडमना फोन केला. "हे होणारच होतं," त्या म्हणाल्या, "चादर बदला आणि झोपा."